अंतरपाट खाली येतो तेव्हा शटर कितीवर असावं

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात एक जुनी हार्ड डिस्क आहे. तिच्यावर चिकटपट्टी लावून मी 'मे २०१२' लिहून ठेवलंय आणि ती अजून कुणाला पुसू दिलेली नाही. तिच्यात एक लग्न आहे. शेवटचं मंगलाष्टक संपतं, 'सावधान' होतं, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात आणि समोरचे पाच-सहा फोटोवाले एकदम फ्लॅश मारतात. पुढचे दोन सेकंद नवरीच्या चेहऱ्यावर पांढरे पट्टे आहेत. एका फ्रेममध्ये कपाळ लख्ख आणि हनुवटी अंधारात, पुढच्या एखादीत हनुवटी लख्ख आणि मुंडावळ्या काळ्या. असे नऊ कापलेले चेहरे मी मोजलेत.

त्याच मांडवात दुसऱ्या बाजूला माझे वडील, आप्पा, त्यांचा पॅनासॉनिकचा एमडी १०००० खांद्यावर घेऊन उभे होते. त्यांच्या टेपवर एकही पट्टा नाही. फ्लॅश पडला की सगळा पडदा क्षणभर उजळतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. माझ्या हातात नवा डीएसएलआर होता, ज्याचे हप्ते अजून चालू होते. नवरीची आई दुकानात दोन्ही फुटेज बघायला बसली आणि मला म्हणाली, "पोरी, तुझ्या कॅमेऱ्यात माझ्या लेकीचं तोंड असं कापल्यासारखं का दिसतंय?"

त्या माउलीला तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देता येतं. लग्न, मंडळाची मिरवणूक, गावच्या जत्रेतलं कुस्तीचं मैदान किंवा एलईडी वॉलसमोरचा कार्यक्रम, जिथे दिवे लुकलुकतात तिथे शूट करणाऱ्या प्रत्येकासाठी मी ते लिहून ठेवतेय.

पट्टा येतो कुठून

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. समोरच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत शेकडो खिडक्यांच्या ओळी आहेत. एक गडी वरच्या ओळीपासून खिडक्या उघडत खाली येतोय. त्याच्यामागून ठरावीक अंतरानं दुसरा गडी त्याच वेगानं खिडक्या लावत येतोय. आता बाहेर वीज चमकली, तर उजेड कुठून आत येईल? त्या क्षणी ज्या ओळी उघड्या होत्या तिथूनच. बाकीच्या ओळींना वीज चमकल्याचा पत्ताही लागणार नाही.

आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा आणि सगळ्या मोबाईलचा सीमॉस सेन्सर असाच चालतो. तो अख्खं चित्र एका दमात वाचत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. याला रोलिंग शटर म्हणतात. दोन गड्यांमधलं अंतर म्हणजे तुमचं शटर स्पीड. गड्याला वरून खाली यायला लागणारा वेळ म्हणजे सेन्सरचा रीडआउट. पहिला आकडा तुमच्या हातात असतो, दुसरा कंपनीनं ठरवलेला असतो. आप्पांच्या एमडी १०००० मध्ये तीन सीसीडी सेन्सर होते आणि सीसीडीत सगळ्या ओळी एकाच वेळी उघडतात, एकाच वेळी बंद होतात. त्यांच्या टेपवर पट्टा नव्हता तो यामुळे.

आता आकडे घेऊ, कारण आकड्यांशिवाय ही गोष्ट हाताला लागत नाही. आपण सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करतोय असं धरा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला ४० मिलिसेकंद मिळतात. सेन्सरचा रीडआउट २० मिलिसेकंद धरा. फुल फ्रेम कॅमेऱ्यांत हा आकडा अनेकदा याच्या आसपास असतो. फोटोवाल्याचा फ्लॅश साधारण एक मिलिसेकंदात किंवा त्याहूनही लवकर विझतो, म्हणून त्याला वीज चमकल्यासारखाच समजा.

शटर १/१०० म्हणजे खिडकी १० मिलिसेकंद उघडी. कोणत्याही क्षणी फार तर निम्म्याच ओळी उघड्या असतात, त्यामुळे फ्लॅशनं पूर्ण फ्रेम उजळणं शक्यच नाही. पट्टा येणार किंवा फ्लॅश मुळीच दिसणार नाही, तिसरा पर्याय नाही. मे २०१२ ला मी १/१०० वर होते. मांडव उघडा होता, ऊन होतं, लेन्सवर लावायचा, उजेड कमी करणारा एनडी फिल्टर माझ्याकडे नव्हता, म्हणून शटर चढवलं होतं.

शटर १/५० म्हणजे २० मिलिसेकंद. सगळ्या ओळी एकत्र उघड्या असण्याचा फक्त एक टिपूस क्षण मिळतो. नशिबानं फ्लॅश त्यावर पडला तर ठीक, नाहीतर फ्रेम कापलेली.

शटर १/२५ म्हणजे पूर्ण ४० मिलिसेकंद. आता खिडकी लावली की लगेच पुढच्या फ्रेमसाठी उघडते. सगळ्या ओळी एकत्र उघड्या असण्याचा काळ ४० पैकी २० मिलिसेकंद झाला, म्हणजे निम्मे फ्लॅश पूर्ण फ्रेमवर पडणार. उरलेले निम्मे दोन फ्रेम्समध्ये वाटले जातील, आधीच्या फ्रेमचा खालचा भाग आणि नंतरच्या फ्रेमचा वरचा भाग. पण त्यातला तुकडा कुठेही हरवत नाही. एडिटिंगमध्ये याचा फार मोठा उपयोग होतो, त्याकडे शेवटी येते.

लुकलुकता दिवा दिसला की आपला हात शटर वाढवायला जातो, चित्र लखलखीत यावं म्हणून. इथे उलट करायचं आहे. शटर हळू करा.

ज्या '१८० अंश' शटरची आपण पोरांना सवय लावतो, तो शब्द कॅमेऱ्यात फिरणाऱ्या तबकडीवरून आलाय. अर्धी तबकडी कापलेली असली की १८० अंश, आणि २५ फ्रेमला ते होतं १/५०. खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभासमोरून मी रोज जाते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला, आनंदराव १९१६ मध्ये गेले आणि बाबूरावांनी ते काम पुरं केलं. हातानं दांडा फिरवायचा, शटर मनात मोजायचं. आपल्याला निदान डायल आहे, तो फिरवायला आपण कंटाळू नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्या कॅमेऱ्याचा रीडआउट घरी काढा

हे एकदाच करायचं आहे, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि यानंतर तुम्हाला कुणाच्या सांगण्यावर विसंबावं लागत नाही.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणजे दर १० मिलिसेकंदाला एकदा. जुनी चोकवाली ट्यूबलाईट शोधा, किंवा देवघरात लावतात तसला स्वस्तातला एलईडीचा झिरो बल्ब. चांगल्या कंपनीचा बल्ब नको, त्यातला ड्रायव्हर लुकलुक दाबून टाकतो. रात्री खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि त्या एका दिव्याचा उजेड पडलेली पांढरी भिंत पूर्ण फ्रेममध्ये घ्या. शटर १/२००० करा, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) लागेल तेवढा चढवा. भिंतीवर आडवे काळे पट्टे दिसतील. फ्रेमच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत किती पट्टे बसतात ते मोजा आणि १० ने गुणा. दोन पट्टे बसले तर रीडआउट २० मिलिसेकंद. दीड बसला तर १५. एकही पूर्ण बसला नाही तर १० च्या आत.

हे प्रत्येक मोडमध्ये वेगळं करून बघा, कारण एकाच कॅमेऱ्यात आकडा बदलतो. फोर-के पूर्ण सेन्सरवर वेगळा, सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणाऱ्या क्रॉप मोडमध्ये वेगळा, ५० फ्रेमला वेगळा. क्रॉपमध्ये वाचायच्या ओळी कमी, म्हणून बहुधा वेळही कमी. ५० फ्रेमचा मोड तर २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊच शकत नाही, कारण तेवढ्यात पुढची फ्रेम दारात उभी असते. माझ्या कॅमेऱ्यात पूर्ण सेन्सरला दोनाच्या वर पट्टे बसले आणि क्रॉपला दीडही बसले नाहीत. तेव्हापासून अंतरपाटाचा शॉट मी क्रॉपवर घेते. लेन्स थोडी वाईड लावावी लागते, एवढंच.

मोबाईल उभा धरून रील काढत असाल तर पट्टेही उभे दिसतील. सेन्सर त्याच्या लांब बाजूच्या ओळींनी वाचतो, तुम्ही फोन वळवला की ओळीही वळतात. बाकी हिशोब तोच.

लग्नात

फ्रेम रेट २५ ठेवा. बरेच मोबाईल आणि काही कॅमेरे डब्यातून निघतानाच ३० वर असतात आणि शटर १/६० धरतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेशी १/६० चं जमत नाही, हॉलमधल्या ट्यूबखाली चित्रात हलके पट्टे वाहायला लागतात. कॅमेऱ्याच्या मेनूत एनटीएससी (३०-६० फ्रेमचा गट) ऐवजी पाल (२५-५० फ्रेमचा गट) निवडा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंग्जमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू केल्यावर २५ दिसायला लागतं. एखाद्या कारणानं ३० वरच काढायचं असेल तरी शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. प्रत्येक ओळीला दिव्याच्या पूर्ण फेऱ्या मिळाल्या की पट्टा येत नाही. फ्रेम रेटपेक्षा शटरचं गणित महत्त्वाचं. मोबाईलवर शटर हातात घ्यायला ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकटचं अॅप चांगलं आहे, आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीवर चालतं.

हळद, वरात, पंगत, हे सगळं १/५० वर. मंगलाष्टकं सुरू झाली की मी जागा पक्की करते, कॅमेरा मोनोपॉडवर टेकवते, फोकस मॅन्युअल करते. फ्लॅशच्या भडिमारात ऑटोफोकस भरकटतो. एक्सपोजरही लॉक, नाहीतर प्रत्येक फ्लॅशला कॅमेरा चित्र काळं करू बघतो. भटजींचा आवाज शेवटच्या अष्टकाला चढतो तो आपल्याला कळतोच. त्या वेळी शटर १/२५ वर आणते आणि आयएसओ निम्मा करते, म्हणजे उजेड तेवढाच राहतो. अंतरपाट खाली येतो, हार घातले जातात, फोटोवाल्यांचा पहिला जोर ओसरतो, मग पुन्हा १/५०. मधले तीस-चाळीस सेकंद हात हलला की चित्र थोडं ओघळतं. अक्षता रेघांसारख्या दिसतात. मला त्या तशा आवडतात, आणि नवरा-नवरी त्या वेळी जागेवर उभेच असतात, त्यामुळे चेहरा स्वच्छ येतो. नाचाच्या शॉटला मात्र १/२५ चालत नाही.

दिवसाच्या मांडवात १/२५ साठी एनडी फिल्टर लागतोच. तो नसेल तर तुम्ही नाइलाजानं शटर चढवणार आणि माझी मे २०१२ ची चूक पुन्हा करणार. पहिल्या कमाईतून दुसरी लेन्स घेण्याआधी एनडी घ्या.

व्हिडिओचा स्वतःचा दिवा थोडा वाढवला की फ्लॅश आणि नेहमीचा उजेड यातलं अंतर कमी होतं आणि कापलेली फ्रेम डोळ्यांत कमी खुपते. आणि दोन कॅमेरे असतील तर दोन्ही वेगळ्या बाजूला ठेवा. दोघांच्या ओळी एकाच ठेक्यात वाचल्या जात नाहीत. जो फ्लॅश एकीकडे कापला गेला तो दुसरीकडे अख्खा पडलेला असू शकतो. मी आणि माझा चुलतभाऊ गेली कित्येक लग्नं अशीच वाचवत आलोय.

फोटोवाल्यांशी भांडू नका. त्यांचंही काम आहे आणि त्यांना तोच क्षण हवाय.

मिरवणूक, आणि लाईटवाल्यांशी बोलणं

अनंत चतुर्दशीला खासबागेतून तुकाराम माळी तालमीचा मानाचा गणपती निघाला की मिरजकर तिकटी, बिनखांबी, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश असा तो सगळा रस्ता रात्री दिव्यांनी तापलेला असतो. ट्रॉलीवर ट्रस म्हणजे दिवे टांगायचा सांगाडा, त्यावर बारीक झोताचे शार्पी, रंगीत एलईडी पार, लोकांकडे तोंड केलेले ब्लाइंडर, झपाझप लुकलुकणारे स्ट्रोब, मागे एलईडी वॉल, आणि सगळं एकाच वेळी चालू. इथे फोटोच्या फ्लॅशचं एक गणित पुरत नाही, प्रत्येक दिव्याचं दुखणं वेगळं.

स्ट्रोब फ्लॅशसारखाच, पण सेकंदाला दहा-दहा वेळा. तुम्ही शटर कितीही हळू करा, काही फ्रेम्स कापल्या जाणारच. इथे इलाज कॅमेऱ्यात नाही, लाईट ऑपरेटरच्या बोटांत आहे. ज्या मंडळाचं काम घेते त्यांच्या ट्रॉलीची जोडणी चालू असते तेव्हा दुपारीच जाऊन मी लाईटवाल्या मामांना भेटते. चहा होतो. मी त्यांना एकच विनंती करते: मूर्तीच्या आरतीच्या वेळी आणि लेझीमच्या मुख्य फेरीच्या वेळी स्ट्रोब बंद ठेवा, त्याऐवजी पार किंवा ब्लाइंडर चालू-बंद करा, आणि प्रत्येक वेळी निदान सेकंदाचा दहावा भाग तरी चालू राहू द्या. ८० मिलिसेकंदांहून जास्त वेळ दिवा पेटलेला राहिला की २५ फ्रेमच्या चित्रात निदान एक फ्रेम पूर्ण उजळलेली मिळतेच, कापली जाते ती फक्त सुरुवातीची आणि शेवटची. बघणाऱ्यांना रस्त्यावर तोच जोश वाटतो. आजपर्यंत एकाही मामांनी मला नाही म्हटलेलं नाही. त्यांना मोबाईलवर कापलेली एक क्लिप दाखवली की लगेच समजतं, कारण त्यांच्याच कामाचे व्हिडिओ त्यामुळे खराब दिसतात.

पार लाईट डिम केला की त्याचा त्रास वाढतो. एलईडी डिम करायला बहुधा त्याचा करंट कमी करत नाहीत, त्याला फार वेगानं चालू-बंद करतात आणि बंद राहण्याचा वेळ वाढवतात. डोळ्यांना कळत नाही, सेन्सरला कळतं. म्हणून मामांना सांगायची दुसरी गोष्ट: चेहऱ्यावरचे दिवे डिम करण्यापेक्षा संख्येनं कमी लावा किंवा पुढे डिफ्युजनचा कागद लावा. काही नव्या फिक्श्चरच्या मेनूत ही चालू-बंदची फ्रीक्वेन्सी वाढवता येते. मिळाली तर सगळ्यात वरची घ्या.

एलईडी वॉलचा रिफ्रेश रेट भाड्याच्या मालात बहुधा १९२० किंवा ३८४० हर्ट्झ असतो. १९२० ची वॉल १/५० च्या शटरमध्ये ३८ फेऱ्या करते. एखादी फेरी अर्धवट राहिली तरी ३८ मध्ये ती जाणवत नाही. तीच वॉल १/१००० वर काढली तर शटरमध्ये जेमतेम दोन फेऱ्या बसतात आणि एक अर्धवट राहिली की चित्रात जाड काळे पट्टे. ऑर्डर घेतानाच वॉल ३८४० ची आहे का ते विचारून घ्या. पट्टे थोडे उरलेच तर शटर बारीक बारीक सरकवून बघा. सोनीच्या काही कॅमेऱ्यांत व्हेरिएबल शटर असतं, पॅनासॉनिकमध्ये सिंक्रो स्कॅन असतं, त्यात १/५० च्या जागी १/५०.३ असं बारीक सरकता येतं. वॉलवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली तर ती शटरची नाही. फोकस माणसावर ठेवा आणि वॉल थोडी धूसर होऊ द्या, नक्षी जाते.

मिरवणुकीतली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ट्रॉलीवरचे दिवे महावितरणच्या विजेवर नसतात, जनरेटरवर असतात. साऊंडचा बास आदळला की जनरेटरवर लोड येतो, त्याची फ्रीक्वेन्सी ५० वरून इकडेतिकडे होते. मग हॉलमध्ये बरोबर चालणारं १/५० इथे हलके पट्टे दाखवतं आणि ते पट्टे सावकाश वर किंवा खाली सरकत राहतात. कॅमेरा बिघडला असं वाटून मी एका रात्री कॅमेरा बदलला होता. बिघाड कॅमेऱ्यात नव्हताच. शटर बारीक सरकवा, किंवा शॉट संथ असेल तर १/२५ वर या. खिडकी जितकी जास्त वेळ उघडी तितका त्या छोट्या फरकाचा परिणाम कमी.

आणि लेझर. इथे मी तांत्रिक भाषा सोडून सांगते: लेझरच्या समोर कॅमेरा धरू नका. त्याचा किरण लेन्समधून थेट सेन्सरवर एकवटतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत सेन्सरवर कायमच्या रेघा पडतात. मोबाईललाही तेच होतं. कोणतंही शटर किंवा एनडी याला भरवशाचं रक्षण देत नाही. गणेशोत्सवात लेझरवर बंदीचे आदेश निघाले ते डोळ्यांना इजा होते म्हणून, आणि ते योग्यच आहेत. तरीही कुठे लेझर दिसला तर लेन्सला टोपण लावा, तोंड दुसरीकडे करा आणि शेजारच्या लहान पोरांनाही तिकडे बघू देऊ नका.

कुस्तीच्या मैदानात स्लो मोशन

गावोगावच्या जत्रांमध्ये मैदान रात्री उशिरापर्यंत चालतं, मोठे मेटल हॅलाइड दिवे लावलेले असतात. धोबीपछाडची पकड स्लो मोशनमध्ये सगळ्यांना हवी असते. पोरं १२० फ्रेमवर काढतात आणि मग आखाड्याची तांबडी माती चित्रात धडधडते. १२० फ्रेमला शटर १/१२० पेक्षा हळू होऊ शकत नाही आणि दिव्याची फेरी १/१०० ची आहे, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला वेगळा उजेड मिळतो. १०० फ्रेम आणि शटर १/१०० घ्या. प्रत्येक फ्रेमला दिव्याची बरोबर एक फेरी मिळते, माती शांत राहते. २५ च्या टाइमलाइनवर चौपट संथ होतं, पैलवानाचा डाव समजायला तेवढं भरपूर. कॅमेऱ्यात १०० चा पर्याय दिसत नसेल तर तो एनटीएससीवर आहे, पालवर आणा.

एडिटला बसल्यावर

कापलेली फ्रेम शोधायला टाइमलाइन पूर्ण मोठी करा आणि बाणाच्या बटणानं एकेक फ्रेम सरकत जा. मी दाविंची रिझॉल्व्ह वापरते, फुकटच्या आवृत्तीत हे सगळं होतं.

शटर १/२५ वर असेल तर कापलेल्या फ्रेम्स जोडीनं येतात. पहिलीत खालचा भाग उजळलेला, दुसरीत वरचा. दुसरी फ्रेम कापून पहिलीच्या वरच्या ट्रॅकवर ठेवा आणि कॉम्पोझिट मोड लाइटन करा. दोन्ही तुकडे जुळून एक पूर्ण उजळलेली फ्रेम तयार होते, खरा फ्लॅश जसा दिसायला हवा तशी. मग दुसऱ्या फ्रेमच्या जागी तिसरी फ्रेम एकदा जास्तीची वापरा. हलणाऱ्या हाताची कड थोडी दुहेरी दिसेल, पण ती चाळीस मिलिसेकंदांत निघून जाते.

शटर १/५० किंवा त्याहून जलद असेल तर फ्लॅशचा उरलेला तुकडा कुठेच नोंदलेला नसतो, जोडायला काही नसतं. मग दोन वाटा. कापलेली फ्रेम काढा आणि तिच्या जागी आधीची फ्रेम दोनदा वापरा. कॅमेरा स्थिर असेल तर कुणाच्या लक्षात येत नाही, पॅन चालू असेल तर झटका जाणवतो. किंवा शेजारची स्वच्छ फ्रेम तिथे ठेवून तिचा गेन म्हणजे उजळपणा चढवा, म्हणजे पूर्ण फ्रेमवर फ्लॅश पडल्यासारखा दिसतो. अंतरपाटाच्या वेळी मी दुसरी वाट घेते, कारण त्या क्षणी फ्लॅश व्हायलाच हवेत, ते गायब झाले तर क्षण मोकळा वाटतो.

रिझॉल्व्हच्या विकतच्या आवृत्तीत डीफ्लिकर आहे. ट्यूबचे वाहते पट्टे आणि कुस्तीच्या मैदानाची धडधड त्यानं बरीच शांत होते. फ्लॅशच्या कापलेल्या फ्रेमला त्याचा उपयोग होत नाही, तिथे हातानंच करावं लागतं.

मिरवणुकीची रील कापताना आणखी एक बघा. मोठ्या भागावर सेकंदाला तीनपेक्षा जास्त लख्ख चमक येत राहिली तर काही लोकांना त्यानं फिट येऊ शकते, ब्रिटिश टीव्हीवर म्हणूनच ही मर्यादा पाळतात. जपानमध्ये डिसेंबर १९९७ ला एका कार्टूनच्या भागातल्या लाल-निळ्या लुकलुकीमुळे सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. स्ट्रोबचा शॉट असेल तर मी तो दोन सेकंदांच्या आत संपवते, मधल्या काही चमक काढून टाकते आणि सुरुवातीला सूचना लिहिते. मंडळाची पोरं सुरुवातीला कुरकुरली, आता तीच आठवण करून देतात.

मागच्या दिवाळीत आप्पांचं कपाट आवरताना ती 'मे २०१२' ची डिस्क हाताला लागली. चार रात्री बसले. १/१०० चं फुटेज, जोडायला तुकडे नाहीत, म्हणून नऊही फ्रेम्स शेजारच्या फ्रेमचा गेन चढवून भरल्या आणि जिथे चेहरा वळत होता तिथे आप्पांच्या टेपवरचे दोन शॉट लावले. टेपचा रंग वेगळा, तो जुळवायलाच एक रात्र गेली. एका ठिकाणी उडालेल्या अक्षता हवेत क्षणभर थांबतात, ते मला काढता आलं नाही. पेन ड्राइव्ह घेऊन मी त्या माउलीच्या घरी गेले. लेक माहेरी आली होती, तिची मुलगी मांडीवर होती. तिघींनी ते दोन सेकंद सहा वेळा मागे घेऊन बघितले.